विकणे आहे: घर, चाकांसह

फिफ्थ व्हील हा अमेरिका-कॅनडातल्या ओढत्या घरांपैकी सर्वांत ऐसपैस प्रकार. साधा ट्रॅव्हल ट्रेलर गाडीच्या मागच्या आकड्याला अडकवून ओढतात. फिफ्थ व्हील मात्र पिकअप ट्रकच्या हौद्यातच तोंड घालतो. ट्रकच्या मागच्या आसाच्या वर किंवा किंचित पुढे, हौद्याच्या तळाला एक जाड लोखंडी जबडा पक्का केलेला असतो. ट्रेलरच्या पुढच्या भागाखालची खुंटी, म्हणजे किंगपिन, त्या जबड्यात बसते. कंटेनर ओढणाऱ्या मोठ्या ट्रकांची जोडणीही अशीच असते. ओझे आसाच्या माथ्यावर आल्यामुळे जोरदार वाऱ्यात ट्रेलर फारसा हेलकावत नाही. विमाने आणि मोटारसायकली बनवून झाल्यावर ग्लेन कर्टिस यांनी १९२० च्या दशकाच्या अखेरीस याच तत्त्वावरचा ‘एअरोकार’ हा ट्रेलर काढला. तो हौशी श्रीमंतांना परवडे. आज या प्रकारात कायमचे राहणाऱ्यांत मोठा भरणा घरदार विकून निघालेल्या निवृत्त जोडप्यांचा आहे. ती सहलीलाच निघालेली असतात, फक्त परतायला घर ठेवलेले नसते.

हौद्यावर चढलेल्या भागात बहुधा शयनगृह असते आणि तिथे जायला दोन-तीन पायऱ्या. रस्त्यावर धावताना रुंदी साडेआठ फुटांच्या पुढे नेता येत नाही, म्हणून घर वाढते ते लांबीत, उंचीत आणि मुक्कामी पोचल्यावर भिंतीतून बाहेर सरकणाऱ्या कप्प्यांत. या कप्प्यांना स्लाइड म्हणतात. चाळीस फुटी ट्रेलरच्या सगळ्या स्लाइड उघडल्या की आत सुमारे चारशे चौरस फूट जागा होते. मुंबईतल्या झोपडपट्टी पुनर्वसनाची सदनिका तीनशे चौरस फुटांची, त्या हिशेबाने हा वाडाच. टेक्सासमधल्या तीन हजार चौरस फुटांतून निघालेल्या जोडप्याला मात्र चाळीस वर्षांत प्रथमच कळते की आपला जोडीदार दिवसभर स्वतःशी पुटपुटत असतो.

उत्तर अमेरिकेतल्या राहत्या गाड्यांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक गाड्या इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट आणि त्याच्या पंचक्रोशीत तयार होतात. तिथल्या कारखान्यांत आमिश पंथाचे कारागीर बरेच आहेत. ज्यांच्या स्वतःच्या घरात बाहेरून विजेची तार येत नाही, ते हात दिवसभर दुसऱ्यांच्या घरात विजेची शेकोटी बसवतात. अनेक ठिकाणी मजुरी नगावर असते, त्यामुळे काम भराभर होते, आणि भराभर झालेल्या कामात जे व्हायचे ते होते. २०२१ साली सहा लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. तोवरचा तो उच्चांक होता. साथीच्या काळात सगळ्या अमेरिकेला एकदम मोकळी हवा हवीशी झाली होती. त्या साली जन्मलेला ट्रेलर बघायला जाताना विजेरी थोडी मोठी न्यावी.

जुना ट्रेलर घेण्याचे पहिले कारण पैसा, हे उघड आहे. नव्याची किंमत आवारातून बाहेर पडताच घसरू लागते आणि पहिल्या काही वर्षांत घसरगुंडी सर्वांत तीव्र असते. दुसरे कारण त्याहून मोलाचे. सैल तारा, ठिबकणारे सांधे, विसरलेले स्क्रू हे सगळे शोधून काढण्याचे काम पहिला मालक स्वखर्चाने करतो आणि वर ट्रेलर स्वस्तात विकतो. असा परोपकारी माणूस शोधणे हेच खरे तर खरेदीचे मर्म. राहिला प्रश्न उत्पादकाच्या हमीचा. अनेक हमीपत्रांत बारीक अक्षरांत लिहिलेले असते की ट्रेलरचा उपयोग कायम वास्तव्यासाठी केल्यास हमी लागू राहणार नाही. शयनगृह, स्वयंपाकघर, न्हाणीघर, कपडे धुण्याच्या यंत्राची जागा, सगळे दिलेले आहे. फक्त तिथे राहायचे नाही. जुन्याची हमी संपलेलीच असल्यामुळे ग्राहकाचा एवढा अपमान वाचतो.

पुस्तकी क्रम असा की आधी ट्रेलर ठरवावा आणि मग तो पेलेल असा ट्रक घ्यावा. प्रत्यक्षात ट्रक आधीच दारात उभा असतो, त्याच्यावर मालकाचे प्रेम असते, आणि सगळे गणित त्या प्रेमाला सोयीचे मांडले जाते. गणित तसे सोपे आहे. फिफ्थ व्हीलच्या एकूण वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा किंगपिनमधून ट्रकवर येतो. कायम राहण्याजोगा मध्यम ट्रेलर भरल्यावर १४,००० पौंडांचा, म्हणजे साडेसहा टनांच्या आसपास धरला, तर २,८०० पौंड ट्रकच्या पाठीवर. त्यात लोखंडी जबडा, दोन माणसे, कुत्रा आणि हौद्यातली हत्यारांची पेटी मिळवायची. ट्रक किती वजन वाहू शकतो ते चालकाच्या दाराच्या चौकटीवरच्या पिवळ्या चिठ्ठीवर छापलेले असते. ती चिठ्ठी ट्रकच्या जाहिरातीपेक्षा पुष्कळ लहान असते आणि खरी असते. एफ-१५० या पिकअपच्या वर्गातल्या बहुतेक ट्रकांवर ती दोन हजार पौंडांच्या आतबाहेर थांबते. त्याच्या वरच्या वर्गातला डिझेल ट्रकही अनेकदा काठावर येतो, आणि मोठ्या ट्रेलरसाठी मागे चार चाकांचा एक-टनी ट्रकच घ्यावा लागतो. ‘अहो, हा ट्रक सहज ओढेल,’ असे विक्रेता सांगतो, आणि ते खोटे नसते. ओढणे सोपेच आहे. थांबवताना आणि पाठीवर पेलताना काय होते, ते तो सांगत नाही.

दुसरे गणित सामानाचे. प्रत्येक ट्रेलरवर त्याचे रिकामे वजन आणि कमाल वजन नोंदलेले असते. दोहोंतला फरक म्हणजे संसाराला मिळालेली मुभा. चार दिवसांच्या सहलीसाठी बांधलेल्या ट्रेलरला ही मुभा बेताची असते. पाण्याची टाकी भरली तरी दोन-सव्वादोनशे किलो गेले. त्यानंतर पुस्तके, बिडाचे तवे, शिवणयंत्र, हिवाळी कपडे, उन्हाळी कपडे, आणि लागेल कधीतरी म्हणून ठेवलेली वस्तू, जी कधीच लागत नाही आणि नेहमी सर्वांत जड असते. कायम राहायचे असेल तर हा फरक किमान ३,००० पौंडांचा असावा, असे अनुभवी मंडळी मानतात. कपाटे किती आहेत ते मोजून हा प्रश्न सुटत नाही. कपाटे जास्त म्हणजे भरायला जागा जास्त आणि आस मोडायला कारणे जास्त.

लांबीबाबत महत्त्वाकांक्षा आवरावी. वर्षातून दोनदा जागा बदलणाऱ्याला चाळीस फूट चालतात. दर पंधरवड्याला हिंडणाऱ्याने तीस ते पस्तीस फुटांत समाधान मानावे, कारण राष्ट्रीय उद्यानांतले जुने तळ ज्या काळी आखले गेले तेव्हा लोक तंबू घेऊन येत. उंची तर बदलताच येत नाही. फिफ्थ व्हील साधारण तेरा फूट किंवा त्याहून थोडा जास्त उंच असतो. नॉर्थ कॅरोलिनातल्या डरहॅम गावी ११ फूट ८ इंचांचा एक रेल्वेपूल अनेक वर्षे ट्रकांची छपरे सोलून काढत होता. २०१९ मध्ये तो आठ इंच उचलला, तरी सोलणे पुरते थांबलेले नाही. पुलाआधी दिवे लुकलुकतात, पाट्या चमकतात, पण मोटारीचा नकाशा ‘सरळ जा’ म्हणत असेल तर माणूस पाटीवर विश्वास ठेवत नाही. नवा मालक म्हणून आपल्या घराची उंची वातानुकूलन यंत्रासह मोजून ती गाडीत डोळ्यांसमोर चिकटवणे हे पहिले गृहकर्तव्य होय.

आता प्रत्यक्ष पाहणी. विक्रेता ग्राहकाला पायऱ्यांवरून थेट बैठकीत नेतो. समोर मागेपुढे झुकणारे जोड-आसन, त्याला पेला ठेवायला प्रकाशमान खळगा, भिंतीवर भला मोठा दूरदर्शन संच आणि त्याखाली ती शेकोटी, जिच्यात दिव्याच्या ज्वाळा प्लास्टिकच्या ओंडक्यांना कधीच जाळत नाहीत. इथे बसल्यावर माणसाच्या मनात संध्याकाळ होते. पुढचे सगळे प्रश्न तो बसूनच विचारतो. म्हणून पाहणीचा क्रम उलटा ठेवावा: आधी छत, मग भिंती, मग तळ, मग यंत्रे, आणि बसणे सर्वांत शेवटी. ज्याला शिडी चढता येत नाही त्याने चढणारा माणूस बरोबर न्यावा. विक्रेता म्हणाला की ‘वर बघण्यासारखं काही नाही’, तर चढणे अनिवार्य समजावे.

छतावर बहुधा रबराचा किंवा तत्सम पांढरा पडदा ताणलेला असतो आणि त्यातून झरोके, नळ्या, अँटेना, वातानुकूलन यंत्रे अशी डझनभर भोके पाडलेली असतात. प्रत्येक भोकाभोवती लुकणाचा थर असतो. ट्रेलरचे आयुष्य या लुकणावर अवलंबून आहे, हे कोणत्याही माहितीपत्रकात सापडत नाही, कारण त्याचे छायाचित्र आकर्षक येत नाही. उन्हाने लुकण तडकते आणि रस्त्याच्या हादऱ्यांनी सुटते. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी वर चढून बघायचे आणि डागडुजी करायची. जुन्या, मळलेल्या, जागोजागी ठिगळे लावलेल्या लुकणाला घाबरू नये. ते सांगते की मालक वर चढत होता. घाबरावे ते कालच लावलेल्या, पांढऱ्याशुभ्र, सगळीकडे एकसारख्या लुकणाला. ते फक्त एवढेच सांगते की गिऱ्हाईक येणार होते.

पाणी आत शिरले की छतात थांबत नाही. ते लाकडी सांगाड्यातून उतरते आणि भलत्याच कोपऱ्यात प्रकट होते. फायबरग्लासच्या भिंती पातळ प्लायवुडवर चिकटवलेल्या असतात. आत ओल गेली की चिकटपणा सुटतो आणि बाहेरून फुगवटा येतो. भिंतीला गाल लावून, तिरप्या उन्हात लांबीच्या दिशेने बघितले की तो स्पष्ट दिसतो. शेजारपाजारचे लोक बघतात, पण लाज बाळगू नये. हा फुगवटा दुरुस्त करणे इतके खर्चिक असते की जुन्या ट्रेलरच्या बाबतीत त्याचा अर्थ ‘नमस्कार, येतो’ एवढाच. आत शिरल्यावर बूट काढून स्लाइडच्या कडांजवळ, न्हाणीघरात आणि शयनगृहाच्या पुढच्या भिंतीलगत पाय दाबून चालावे. जमीन लवचिक लागली तर ती गुबगुबीत बनवलेली नसते. कपाटांच्या आतल्या कोपऱ्यांत ओल मोजण्याचे यंत्र लावावे. वास घ्यावा. कुबट वास ही माहिती आहे. लव्हेंडरचा वास ही त्याहून महत्त्वाची माहिती आहे.

खाली वाकल्यावर टायर दिसतात आणि त्यांवर बरीच नक्षी शिल्लक असते, कारण ट्रेलर वर्षातले अकरा महिने उभाच असतो. नक्षीवर जाऊ नये. टायरच्या बाजूला चार अंकी तारीख कोरलेली असते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पाच ते सात वर्षांपुढचा टायर कितीही तरुण दिसला तरी त्याची किंमत शून्य धरून सौदा करावा. तो फुटतो तेव्हा एकटा जात नाही. चाकावरचे आच्छादन, शेजारची गॅसची नळी आणि भिंतीचा तुकडा घेऊन जातो. स्प्रिंगांच्या कड्या झिजल्या आहेत का, किंगपिनजवळच्या चौकटीच्या जोडावर तडे आहेत का, हेही तिथल्या तिथे बघून घ्यावे.

यानंतर सगळ्या स्लाइड आत घ्यायला सांगाव्यात. ही एक चाचणी हजार रंगीत छायाचित्रांवर भारी पडते. काही आराखड्यांत स्लाइड आत गेल्या की स्वयंपाकघरातला ओट्याचा बेटासारखा भाग सोफ्याला जाऊन भिडतो, शीतकपाटाचे दार उघडत नाही आणि शौचालयाकडे जायला फक्त मांजराला वाट राहते. पेट्रोल पंपावर किंवा पावसात रस्त्याकडेला थांबल्यावर घराची अवस्था हीच असते. स्लाइड चालू असताना करकर, थांबणे, एक बाजू मागे राहणे हे ऐकावे आणि बघावे. मग हातानेही ती आत घेता येते का, हे विचारावे, कारण मोटर नेहमी निघण्याच्या सकाळीच जळते.

ट्रेलरमध्ये तीन प्रकारच्या टाक्या असतात: स्वच्छ पाण्याची, धुण्या-न्हाण्याच्या सांडपाण्याची आणि मैल्याची. तिसरीविषयी माहितीपत्रके फक्त लिटर सांगतात. साधारण दीडशे ते दोनशे लिटरची ही टाकी तळावरच्या मैलाखड्यात तीन इंची नळीने स्वतःच्या हाताने रिकामी करायची असते, आणि माणसाच्या निवृत्तिवेतनाचा किंवा पदव्यांचा तिथे उपयोग होत नाही. आधी मैल्याची टाकी सोडायची, मग सांडपाण्याची, म्हणजे दुसऱ्या पाण्याने नळी धुऊन निघते. नवखा माणूस सोय म्हणून मैल्याची झडप कायम उघडी ठेवतो. पातळ भाग वाहून जातो, घट्ट भाग मागे राहतो आणि संडासाच्या नळीखाली हळूहळू एक पिरॅमिड उभा राहतो. इजिप्तच्या पिरॅमिडांप्रमाणेच तो हलवणे फार कठीण असते. आधीचा मालक या पंथाचा होता का, हे त्याला थेट न विचारता ‘झडप कशी ठेवता?’ एवढेच साळसूदपणे विचारावे. टाकी किती भरली ते दाखवणारे दिवे बहुधा कायम दोन-तृतीयांशावर अडकलेले असतात. त्यावरून भाव पाडता येत नाही. ते सगळ्यांचेच तसे असतात.

विजेच्या बाबतीत तीस आणि पन्नास अँपियरचे दोन प्रकार मिळतात आणि फरक दिसतो तेवढा लहान नाही. तीसच्या जोडणीला ३,६०० वॅट मिळतात; पन्नासच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र तारा असल्यामुळे १२,०००. ॲरिझोनाच्या उन्हाळ्यात दोन वातानुकूलन यंत्रे आणि मायक्रोवेव्ह एकत्र चालवायचे असतील तर पन्नासच हवे. तीसवर आधी गार व्हायचे की आधी जेवायचे ते ठरवावे लागते. गॅसवर चालणारे जुने शीतकपाट ट्रेलर समपातळीत असेल तरच नीट चालते आणि अमोनियाचा वास आला तर त्याचा निरोप जवळ आला समजावा. घरगुती पद्धतीचे शीतकपाट मोठे आणि निमूट असते, मात्र ते विजेवरच जगते. पलंग टेप घेऊन मोजावा. ‘क्वीन’ म्हणून विकला जाणारा ट्रेलरमधला पलंग बहुधा ७५ इंच लांब असतो, घरातली क्वीन ८० ची. हे पाच इंच सहा फुटी माणसाच्या लक्षात पहाटे येतात.

‘चारही ऋतूंसाठी’ ही पाटी बहुतेक ट्रेलरांवर असते आणि तिला कायद्याची कसलीही व्याख्या नाही. टाक्या झाकलेल्या आहेत का, त्या पोकळीत भट्टीची गरम हवा जाते का आणि खिडक्यांना दुहेरी काचा आहेत का, एवढे बघावे. हे सगळे असूनही मिनेसोटातल्या जानेवारीत पाण्याची नळी गोठते. अनुभवी लोक त्यावर सर्वांत परिणामकारक उपाय करतात: घराला चाके आहेत हे आठवून ॲरिझोनात जातात. तिथल्या क्वार्टझसाइट गावाजवळच्या सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल या हंगामासाठी परवाना काढून राहता येते. शेजार दर हिवाळ्याला तोच मिळतो. त्यामुळे भांडणेही गेल्या वर्षी थांबली तिथून पुढे सुरू होतात.

विक्रेत्यांत सर्वांत उत्तम तो निवृत्त अभियंता, जो प्रत्येक पावती जाड फाइलमध्ये लावून ठेवतो आणि बेअरिंगला वंगण कधी घातले ते तारखेसह सांगतो. त्याच्याशी घासाघीस फारशी जमत नाही, तरीही तोच बरा. सर्वांत वाईट तो, ज्याच्याकडे सगळे ‘एकदम नवं’ आहे आणि कागद भाच्याकडे आहेत. मालकीचा दाखला, त्यावर कर्जाचा बोजा नसल्याची खात्री आणि पूर येऊन गेलेल्या भागातून ट्रेलर आलेला नाही याची चौकशी, यांत सवलत देऊ नये. राहत्या गाड्या तपासणारे प्रमाणित निरीक्षक मिळतात. त्यांचे शुल्क काही शे डॉलरपासून हजाराच्या पुढे जाते, आणि ते ऐकून ज्याला धक्का बसतो त्याने छत बदलायचा खर्च विचारावा. विक्रेता निरीक्षकाला नको म्हणत असेल तर निरीक्षण फुकटातच झाले. पैसे देण्याआधी ट्रेलरमध्ये, विक्रेत्याच्याच अंगणात, एक रात्र काढू देण्याची विनंती करावी. गरम पाणी संपायला किती वेळ लागतो ते तेव्हा कळते. सहा गॅलनच्या, म्हणजे सुमारे तेवीस लिटरच्या बंबात दुसऱ्या माणसाचे स्नान अर्ध्यावर राहते.

खरेदीनंतर दोन बाबी उरतात. पहिली विम्याची: सहलीच्या ट्रेलरचा साधा विमा कायम वास्तव्याला पुरत नाही, त्यासाठी वेगळी पॉलिसी लागते. दुसरी पत्त्याची: बँक, मतदार यादी आणि डॉक्टर यांना चाकांवरचा पत्ता चालत नाही. त्यामुळे हजारो भटके कागदोपत्री टेक्सास, फ्लोरिडा किंवा साउथ डकोटाचे रहिवासी होतात. तिन्ही राज्यांत वैयक्तिक उत्पन्नावर राज्याचा कर नाही, हा निव्वळ योगायोग समजला जातो. टेक्सासमधल्या लिव्हिंग्स्टन गावी, १९७८ मध्ये स्थापन झालेला एस्केपीज क्लब सदस्यांचे टपाल गोळा करून सदस्य असतील तिथे पाठवतो. त्या छोट्या गावाच्या पत्त्यावर जेवढी माणसे राहतात तेवढी एकदम तिथे आली तर उभे राहायला जागा पुरणार नाही.

ट्रेलरचे वय ठरवताना आणखी एक नियम लक्षात घ्यावा लागतो. बऱ्याच खासगी तळांवर दहा वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांना प्रवेश नसतो. काही ठिकाणी व्यवस्थापक छायाचित्र मागवतो आणि गाडी नीटनेटकी दिसली तर सोडतो. म्हणून आठ वर्षांचा ट्रेलर घेताना दोन वर्षांनंतर तो कुठे उभा राहणार, हे आधी विचारून ठेवावे, आणि तो धुऊन पुसून, उतरत्या उन्हात, चांगल्या बाजूने एक छायाचित्र काढून ठेवावे.